टाकीच्या तोंडाशी

एसटी आली, जरा हळू झाली, शिवकन्याला आशा लावली आणि तशीच पुढं निघून गेली. येरमाळ्याच्या फाट्यावर हात वर केलेल्या माणसाला अशी हूल मिळणं काही नवं नाही, पण आज तिला उशीर परवडणार नव्हता. ती साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत केमिस्ट होती. मळीपासून अल्कोहोल बनतं, तो भाग. आणि आज पहिल्यांदाच ती पन्नासेक कंत्राटी कामगारांपुढं उभी राहून कामावरच्या सुरक्षेबद्दल बोलणार होती. भुरभुर पाऊस होता. ओढणी डोक्यावर घेऊन, भाषणाची पहिली वाक्यं पुटपुटत ती जीपची वाट बघत उभी राहिली.

एक मोटारसायकल पुढं जाऊन थांबली आणि पायानं ढकलत मागं आली.

“कारखान्याला चाललाव का? बसा की.”

तिनं आधी त्याच्या डोक्याकडं पाहिलं. ही तिची सवयच झाली होती. माणूस दिसला की आधी डोकं, मग पाय, मग चेहरा. केस भिजून कपाळाला चिकटले होते आणि हेल्मेट हँडलला लटकत होतं. पायात चपला. चेहऱ्यापर्यंत ती जरा उशिरानं पोचली. बरा होता... बराच बरा होता.

“हेल्मेट हँडलला घातलंय,” ती म्हणाली. “हँडल पडायची भीती आहे का?”

त्यानं हँडलकडं पाहिलं, मग तिच्याकडं. “हँडल नवं हाय, मॅडम. डोकं जुनंच हाय.”

हसू आलं म्हणून तिनं मान वळवून उगाच रस्त्याकडं पाहिलं.

“बरं, तुमी घाला हे,” तो म्हणाला. “आन् बसा.”

“आणि तुमच्या डोक्याचं काय?”

“त्याची काळजी करणारं कुणी न्हाय.”

“मग मी जीपनंच येते.”

त्यानं मुकाट्यानं हेल्मेट डोक्यावर चढवलं, हनुवटीखाली पट्टा लावला, पण गाडी काही हलवली नाही. जीप येईपर्यंत तो तिथंच पावसात उभा राहिला आणि मग कारखान्याच्या गेटपर्यंत जीपच्या मागं मागं, शहाण्या मुलासारखा, हळूच येत राहिला. जीपमधल्या बायका एकमेकींना कोपरानं ढोसत होत्या. शिवकन्यानं मात्र एकदाही मागं वळून पाहिलं नाही. आता आरशात दिसत होतं, त्याला ती काय करणार!

तासाभरानं ती शेडमध्ये बोलायला उभी राहिली, तर पुढच्याच ओळीत तो. पायात आता कुणाचे तरी मागून आणलेले, एक नंबर मोठे सेफ्टी बूट. शिवकन्या पहिलं वाक्य विसरली. दुसरंही विसरली. तिसऱ्यापासून तिनं सुरुवात केली आणि कुणाला काही कळलं नाही. फक्त तो गालात हसला. नाव इंद्रजित. गाव भूम तालुक्यातलं ईट. काम फिटरचं, तेही कंत्राटी.

हे सगळं नीट समजायचं तर शिवकन्याच्या घरचा एक करार माहीत पाहिजे. तिचं गाव लोहारा. वडील बलभीम, शेतकरी, बोलायला कमी आणि शब्दाला पक्के. तिनं औद्योगिक सुरक्षेचा डिप्लोमा करायचं ठरवलं, शनिवार-रविवार सोलापूरला कॉलेज आणि बाकीचे दिवस कारखान्यात, तेव्हा भावकीतल्या लोकांनी तोंडं वाकडी केली. पोरीच्या जातीनं टाक्या आणि बॉयलर तपासत फिरायचं? त्या सगळ्यांसमोर बलभीम म्हणाले होते, “पास हो, ऑफिसर हो. मग तू म्हणशील त्या घरात तुला देतो. न्हाय झालीस, तर म्या म्हणंन त्या घरात जायचं.” कारखान्याचे सुरक्षा अधिकारी कल्याणप्पा सर पुढच्या वर्षी निवृत्त होणार होते. डिप्लोमा हातात पडला की ती खुर्ची तिची, असं त्यांनीच सांगून ठेवलं होतं. तेव्हा तिच्या मनात कुणी नव्हतं, म्हणून तिला तो करार सोपा वाटला होता.

उसाचं गळीत संपलं की कारखान्यात दुरुस्तीचे महिने येतात. डिस्टिलरीत मळी आंबवायच्या मोठ्या टाक्या असतात, त्या रिकाम्या करून आतून तपासायच्या. टाकी रिकामी दिसते, पण तळाशी गॅस साचून राहिलेला असू शकतो. त्याला रंग नाही, आणि माणूस ‘अरे’ म्हणायच्या आत खाली बसतो. म्हणून आत माणूस गेला की वर, टाकीच्या तोंडाशी, दुसऱ्यानं बसायचं. आतल्याच्या कमरेचा दोर हाताशी ठेवायचा. सारखं बोलत राहायचं, सारखं उत्तर घ्यायचं. आणि उत्तर आलं नाही, तर भोंगा वाजवून बचाव पथकाला बोलवायचं. आपण आत उतरायचं नाही. काहीही झालं तरी नाही. आतल्याला वाचवायला धावलेलाच आधी मरतो, हे कल्याणप्पा सरांनी तिच्याकडून इतक्या वेळा म्हणवून घेतलं होतं की झोपेतून उठवलं तरी तिनं सांगितलं असतं.

त्या वर्षी टाकीच्या तोंडाशी बसायचं काम डिप्लोमाचा भाग म्हणून शिवकन्याला मिळालं. आणि आत पाण्याच्या नळ्यांच्या कॉइलचे नटबोल्ट तपासायला गेला इंद्रजित.

बाकीचे फिटर आतून नुसते पान्यानं पत्र्यावर ठोकायचे, म्हणजे ठीक आहे. याला ठोकणं माहीत नव्हतं.

“इंद्रजित?” ती वरून विचारायची.

“हाय.”

“चक्कर, मळमळ?”

“चक्कर येतीया. पण गॅसनं न्हाय.”

“मग?”

“वर ते तोंड दिसायलंय ना, त्यानं.”

ती पटकन मागं सरायची. मग खालून घुमत आवाज यायचा, “आता न्हाय दिसत... आता बरं वाटायलंय. पण करमंना.”

नियमच असा होता की गप्प बसायचं नाही. मग बोलायचं तरी काय? शिवकन्या हुशार. तिनं अभ्यासच मोठ्यानं म्हणायला सुरुवात केली. कायद्याची कलमं, धुळीचे आजार, आवाजाच्या मर्यादा. काही दिवसांत इंद्रजितला तिच्यापेक्षा जास्त पाठ झालं आणि तो खालून तिची परीक्षा घ्यायला लागला.

“आग लागायला काय काय पायजे?”

“इंधन, हवा आणि ठिणगी.”

“आन् प्रेमाला?”

“ते अभ्यासक्रमात नाही.”

“आन् परीक्षेत आलंच तर?”

“ऑप्शनला टाकीन.”

टाकीतून हसण्याचा असा आवाज आला की खालून जाणारे महेबूब चाचा वर बघत थांबले. चाचा बचाव पथकातले सगळ्यांत जुने. त्यांनी मान हलवली आणि हसत पुढं गेले.

“बरं, धोका दिसला तर पयलं काय करायचं?” इंद्रजितनं एकदा विचारलं.

“धोका काढूनच टाकायचा.”

“न्हाय निघाला तर?”

“त्याच्या जागी कमी धोक्याचं काहीतरी आणायचं.”

“तेबी न्हाय मिळालं तर?”

“मग... अंतर ठेवायचं.”

“आन् अंतर ठिऊन ठिऊन माणसाचा जीव गेला तर?”

तिनं नुसता दोर हलकासा ओढला. त्यानंही खालून ओढला. त्या दिवशी दोघांनी दुसरं काही बोलायचं टाळलं आणि नियमापुरतं, “आहेस?” “हाय,” एवढंच होत राहिलं. पण ते कसं होत राहिलं, ते काय सांगावं! वरून तिचा आवाज हळू होत गेला आणि खालून त्याचा.

गंमत म्हणजे बाहेर आला की हा मनुष्य मुका. टाकीत ‘तू’, बाहेर ‘तुमी’ आणि ‘मॅडम’. कॅन्टीनमध्ये समोरासमोर आले तर तो चहाच्या कपात बघायचा आणि ती भिंतीवरच्या सूचना वाचायची, ज्या तिनंच लावल्या होत्या. त्यांचं सगळं प्रेम त्या एका गोल तोंडातून वर-खाली झालं. एकमेकांचा चेहरा त्यांनी किती वेळ पाहिला असेल, देव जाणे.

“चैत्रात येरमाळ्याला येडाईच्या यात्रेला थांबशील?” त्यानं एकदा खालून विचारलं. “आमराईत देवीच्या देवळासाठी चुन्याचे खडे येचू.”

“चैत्रात माझी परीक्षा जवळ आलेली असेल.”

“एक दिवस.”

“आधी परीक्षा, इंद्रजित. मग यात्रा, मग... बाकीचं सगळं.”

ती अशीच होती. एक पायरी पक्की झाल्याशिवाय दुसरीवर पाय नाही. वडिलांचा करार तिनं त्याला सांगितलाच नाही. पास झाले, हातात कागद पडला, की एकदम सांगू, त्याला आनंदानं चकित करू, असं तिनं मनाशी ठरवलं होतं. किती वेळा तिच्या ओठांवर आलं आणि तिनं गिळलं! पोरी, एक वाक्य होतं गं. बोलून टाकायचं होतंस.

कारण इकडं इंद्रजितचं डोकं कॅन्टीनमध्ये भलतीकडंच चालायला लागलं होतं. बरोबरचे फिटर त्याला चिडवायचे, “साहेबीण झाली की तुला सलाम ठोकावा लागंल, इंद्र्या. गेट पास दाखवून बोलावं लागंल.” तो हसण्यावारी न्यायचा. पण एक दिवस त्यानं टाकीतून विचारलंच.

“तू ऑफिसर झाल्यावर हितं तोंडाशी कोण बसंल?”

“बसेल कुणीतरी.”

“आन् तू?”

“मी खाली ऑफिसात बसून टाकीत उतरायच्या तुमच्या परमिटवर सह्या करीन,” ती ऐटीत म्हणाली.

ती चेष्टा होती. साधी, लाडातली चेष्टा. खालून नेहमीसारखं उत्तर येईल म्हणून ती वाट बघत राहिली. पण इंद्रजित त्यानंतर ‘हाय’च्या पुढं बोलला नाही.

शेवटच्या टाकीचं काम भाद्रपदात निघालं. सकाळी मीटरनं गॅस तपासला, आत हवा खेळवायला ब्लोअर लावला, सगळं ठीक होतं. इंद्रजित उतरला. थोडा वेळ पान्याचा आवाज येत राहिला आणि मग थांबला.

“इंद्रजित?”

काही नाही.

“इंद्रजित, आहेस?”

ती तोंडावर वाकली. आत अंधार. बॅटरीचा उजेड कॉइलवर पडला, माणूस दिसेना. तिनं दोर ओढला. दोर सहज वर आला, आणि येतच राहिला... आणि शेवटी रिकामं टोक तिच्या हातात आलं.

तिनं पुन्हा हाक मारली, आणि ती हाक नव्हती, किंचाळी होती. आणि मग, कसा ते तिला कधीच कळलं नाही, तिचा एक पाय तोंडातून आत गेला होता आणि शिडीच्या पहिल्या पायरीवर टेकला होता. त्या एका क्षणात तिला ना परीक्षा आठवली, ना कल्याणप्पा सर, ना वडील. फक्त तो खाली आहे, एवढंच आठवत होतं.

मग तिला कळलं की आपण खाली पोचलो तर आपल्यासाठी भोंगा वाजवायला वर कुणीच नसेल. आणि त्याच्यासाठीही नसेल.

तिनं पाय बाहेर काढला. हे तिनं आयुष्यात केलेलं सगळ्यांत अवघड काम. भोंग्याचं बटण तिनं असं दाबलं की अंगठ्याचं नख उलटलं. सगळा कारखाना त्या आवाजानं थरारला. खालून माणसं धावली. पाठीवर हवेचा सिलिंडर घेतलेले महेबूब चाचा लोखंडी जिन्यावरून धावत वर येत होते, तेवढ्यात त्यांचा पाय ओल्या पायरीवरून सटकला आणि ते आठ-दहा पायऱ्या गडगडत खाली गेले.

आणि तेवढ्यात टाकीच्या तोंडातून इंद्रजितचं डोकं वर आलं.

तो धडधाकट होता. दोर सोडून, वरचं तोंड दिसणार नाही अशा कॉइलमागच्या अंधारात, भिंतीला टेकून गुपचूप बसला होता. तिच्या सगळ्या हाका त्यानं ऐकल्या होत्या. शिडीवर तिच्या पावलांचा आवाज कधी येतो याची तो वाट बघत होता, आणि आला तो भोंगा.

महेबूब चाचांचा हात दोन ठिकाणी मोडला. गाडीत घालताना ते शिवकन्याला म्हणाले, “बेटी, तूने सही किया.” आणि इंद्रजितकडं बघून म्हणाले, “लेकरू हाय. चुकलं.” पण कल्याणप्पा सर तसं म्हणणारे नव्हते. त्यांनी विचारलं तेव्हा इंद्रजितनं मान खाली घालून खरं तेच सांगितलं, की चेष्टा केली. का केली, ते नाही सांगितलं. त्याच दिवशी त्याचा गेट पास काढून घेतला.

गाड्या लावायच्या शेडपाशी तो तिच्यासाठी थांबला होता. पहिल्यांदाच ते दोघं असे उघड्यावर, समोरासमोर, एकटे उभे होते.

“एक इचारू?” तो म्हणाला. “तू आत का न्हाय आलीस?”

शिवकन्याचा राग मावत नव्हता. ज्याच्यासाठी जीव गोळा झाला होता, तो भिंतीला टेकून आपली गंमत बघत होता! चाचांचा लोंबकळता हात तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता.

“बाहेरच्यानं आत जायचं नसतं,” ती पुस्तकातलं वाक्य म्हणाली.

“एवढंच?”

अंगठा ठणकत होता. सांगावं का याला, की पाय शिडीवर होता? की याच्यासाठी सगळं विसरायला झालं होतं? सांगावं का वडिलांचा शब्द? तिनं ओठ घट्ट मिटले. जरा भोगू दे, असं तिला वाटलं.

“एवढंच,” ती म्हणाली.

त्यानं मान हलवली, गाडी सुरू केली आणि गेला. तो दोन दिवसांनी फोन करील, माफी मागेल, मग आपण थोडं रुसू आणि सोडून देऊ, असा तिचा हिशोब होता. फोन आला नाही. महिनाभरानं तिनंच लावला, तर नंबर बंद. ईटला जावं, असं तिला शंभरदा वाटलं. पण आता दिवाळी, आता गळीत, आता परीक्षा. आणि पास व्हायच्या आधी जाऊन वडिलांना काय सांगणार? ताठ मानेनं जाऊ, कागद हातात घेऊन जाऊ. आधी निकाल, मग इंद्रजित. चैत्रात येडाईची यात्रा भरली, येरमाळ्यातल्या तिच्या भाड्याच्या खोलीच्या खिडकीखालून गर्दी आमराईकडं गेली आणि शिवकन्या पुस्तक उघडून एकच पान बघत बसली.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी तिला विचारलं, “टाकीतला माणूस उत्तर देत नाही. तोंडाशी तुम्ही आहात. काय कराल?” तिनं न अडखळता सगळं सांगितलं. ते म्हणाले, “उत्तम.” ती बाहेर आली आणि कॉलेजच्या नळावर तोंड धूत कितीतरी वेळ उभी राहिली.

आषाढात निकाल लागला. पहिला वर्ग. कल्याणप्पा सरांनी स्वतःची खुर्ची ओढून तिला बसवून पाहिलं. लोहाऱ्यात बलभीमांनी पेढे वाटले, आणि घरात आल्यावर म्हणाले, “म्या शब्द दिलाय. बोल, कुणी हाय का मनात?”

“ईटचा आहे. फिटर आहे.”

बलभीमांनी पेढ्यांचा पुडा बाजूला ठेवला. मग बायकोला म्हणाले, “लक्ष्मी, उद्या पोरीला घिऊन जा. माणसं बघून या. बोलणी म्या नंतर करतो.”

“पोरगी सोताच जात असती व्हय?” लक्ष्मीबाई कुरकुरल्या. पण भूमच्या बाजारात उतरल्यावर त्यांनीच मुलाच्या आईसाठी खण आणि नारळ घेतला, चांगला वाजवून घेतला.

ईटला घर विचारत गेल्या. अंगणात इंद्रजितची आई तुळजाबाई शेंगा निवडत होत्या. कारखान्यातल्या मॅडम आल्या म्हटल्यावर त्या गडबडून उठल्या. “आवं बसा, बसा. इंद्रजित रानात हाय, यील एवढ्यात. वैष्णवी, च्या टाक गं!”

आतून चहा घेऊन एक मुलगी आली. हातात हिरवा चुडा होता, अजून नवाकोरा.

“आमची सून,” तुळजाबाई म्हणाल्या. “वैशाखातच इंद्रजितच्या लग्नाचा बार उडवला.”

लक्ष्मीबाईंनी लेकीकडं पाहिलं नाही. त्यांनी कप उचलला आणि बशीत चहा ओतला. शिवकन्याच्या हातात कप होता, तो तिनं दोन्ही हातांनी धरून ठेवला.

“तुमीच व्हय त्या मॅडम?” वैष्णवीचे डोळे एकदम चमकले. ती जवळ येऊन बसली. “टाकीवर बसणाऱ्या? हे लई सांगतात तुमचं. तुमच्यामुळं तर माझे दोनी भाऊ जित्ते हायत.”

“माझ्यामुळं?”

“माघात माझा धाकटा भाऊ सिदू हिरीत उतरला हुता, पंप बंद करायला. डिझेलचा धूर कोंडला हुता आत, तिथंच पडला. थोरला दादा मागं उतराय लागला, तर तिथं पंप दुरुस्तीला आलेल्या ह्यांनी त्याच्या कमरंला मिठी घातली. दादानं लई मारलं ह्यांना, चावा घेतला, पर सोडलं न्हाय. म्हणले, आत जाऊ नको, दोघंबी मरचाल. आधी लिंबाच्या डहाळ्या दोराला बांधून वरखाली केल्या, वारं घातलं आत. मग दोर बांधून माणूस सोडला. सिदू वाचला... दोघंबी वाचले.” ती पदरानं डोळे पुसून हसली. “आबा, माझे वडील, म्हणले, असं शानं माणूस कुठं शिकलं? तर हे म्हणले, कारखान्यात एक मॅडम हुत्या, त्यांनी शिकवलं. बाहेर थांबायला लई मोठं काळीज लागतं म्हणले. मग आबांनीच सोयरीक घातली.”

शिवकन्यानंच शिकवलं होतं. एकेक शब्द तिचा होता. तिला त्या पोरीचा राग यावा असं वाटत होतं, आणि तो येत नव्हता.

लक्ष्मीबाईंनी कप खाली ठेवला. “कुकू आण गं, बाई,” त्या वैष्णवीला म्हणाल्या. “पयल्यांदा आलो. नव्या नवरीची वटी न भरता कसं जायचं?” त्यांनी पिशवीतून खण काढला, नारळ काढला आणि वैष्णवीच्या पदरात घातला. हळदीकुंकवाचं ताट शिवकन्यानं धरलं होतं. ते एकदाही हललं नाही.

इंद्रजित त्यांना फाट्यापाशी भेटला. रानातून पळतच आला होता. लक्ष्मीबाई शहाण्या, त्या जीप बघायला म्हणून पुढं जाऊन उभ्या राहिल्या.

“मॅडम...” तो म्हणाला आणि थांबला. “पास झालाव?”

“झाले.”

“मला ठावं हुतं.” त्यानं खाली मातीकडं पाहिलं. “हिरीपाशी दादाला धरला तवा कळलं मला, बाहेर थांबायला काय लागतं ते. तुमच्याकडं यावं वाटलं. पण कोणत्या तोंडानं येऊ? तुमी तर ‘एवढंच’ म्हणला हुता. तेवढ्यात हिकडं सोयरीक ठरली.”

“चांगली आहे वैष्णवी,” ती म्हणाली. आणि ते खरं होतं.

“एकच सांगा.” त्याचा आवाज एकदम टाकीतल्यासारखा हळू झाला. “त्या दिशी... एकदा तरी वाटलं हुतं का, आत यावं?”

शिवकन्यानं त्याच्याकडं पाहिलं. इतक्या जवळून, इतका वेळ, तिनं त्याला कधीच पाहिलं नव्हतं. एका शब्दात सगळं सांगता आलं असतं. तो आयुष्यभर त्या शब्दाला धरून बसला असता, आणि घरी ती हिरव्या चुड्याची पोरगी त्याच्या ताटाशी वाट बघत बसली असती.

“नाही,” ती म्हणाली. “वाटलं नव्हतं.”

इंद्रजितनं मान हलवली. थोडा दुखावला, थोडा सुटल्यासारखा झाला. “बरं झालं,” तो म्हणाला. “मनाला लागून ऱ्हायलं हुतं ते.”

जीप आली. तो हात जोडून उभा राहिला आणि मग गावाकडं वळला. लक्ष्मीबाईंनी लेकीला खिडकीपाशी बसवलं, स्वतः तिच्या आणि बाकीच्या माणसांच्या मध्ये बसल्या. गाव मागं पडलं. मग त्यांनी पदर सोडवून शिवकन्याच्या हातात दिला.

“रड आता,” त्या हळू म्हणाल्या. “ह्या जीपमधी आपल्या वळखीचं कुणी न्हाय.”